स्लो कुकर: पाककृतीच्या आधी त्याची उष्णता समजून घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत स्लो कुकरमधल्या, म्हणजे विजेवर कित्येक तास सावकाश शिजवणाऱ्या भांड्यातल्या, पाककृती अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्या वाचून आपणही हे भांडे घरी आणावे, असे अनेकांना वाटते. त्याबद्दल आपले आभार मानूनच हे पत्र लिहीत आहे. अनेक वर्षे हे भांडे नेमाने वापरणारी व्यक्ती म्हणून मला एक गोष्ट सातत्याने खटकते. यातल्या बहुतेक पाककृती ‘सर्व साहित्य भांड्यात घालावे, बटण दाबावे आणि आठ तासांनी वाढावे’ अशा एखाद्या वाक्यावर संपतात. नवख्या माणसाला या वाक्याने धीर येतो, पण त्याच्या हाती ज्ञान काहीच लागत नाही. हे भांडे वेळेतली चूक सहज पोटात घालते. पदार्थ अर्धा तास जास्त राहिला तरी सहसा बिघडत नाही. तापमानातली चूक मात्र ते पोटात घालत नाही, आणि सुरुवात करणाऱ्याला नेमके हेच कोणी सांगत नाही.

या भांड्याची रचना अगदी साधी आहे. बाहेरच्या कवचाच्या भिंतीतून तापणारी तार फिरवलेली असते, आत जाड चिनी मातीचे भांडे बसवलेले असते आणि वर बहुधा काचेचे झाकण असते. विजेचा वापर साधारण 100 ते 300 वॉट, म्हणजे 200 वॉटचे भांडे आठ तास सलग चालले तरी खर्च 1.6 युनिटच्या पुढे जात नाही. उष्णता मुख्यतः बाजूंनी आणि हळूहळू येते, त्यामुळे ढवळत राहावे लागत नाही आणि तळ लागण्याची भीती फारशी उरत नाही. पदार्थ पुरेसा तापला की झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमू लागतात, उतरत उतरत काठाशी येतात आणि झाकण व भांडे यांच्या मधल्या फटीत पाण्याचे बारीक कडे तयार करतात. हे कडे म्हणजेच या भांड्याचे कुलूप. ते टिकून असेपर्यंत आतली वाफ आतच फिरते. कुतूहलाने झाकण उचलले की कडे मोडते, वाफ निघून जाते आणि इतक्या कमी शक्तीच्या तारेला ती उष्णता पुन्हा भरून काढायला 20 ते 30 मिनिटे लागतात. दर तासाला डोकावून पाहणाऱ्याचा पदार्थ आठ तासांनीही कच्चा का राहतो, याचे उत्तर इथे आहे. झाकण काचेचे असते ते बाहेरूनच पाहता यावे यासाठी, ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनावर घ्यावी.

दुसरा मोठा गैरसमज ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन खुणांविषयी आहे. ‘लो’वर पदार्थ कमी तापमानाला शिजतो आणि ‘हाय’वर जास्त तापमानाला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बऱ्याच भांड्यांत दोन्ही खुणांवर पदार्थ शेवटी उकळबिंदूच्या जवळपास सारख्याच तापमानाला पोहोचतो. फरक पडतो तो तिथवर पोहोचण्याच्या वेळेत. म्हणून ‘हाय’वरचा एक तास म्हणजे ‘लो’वरचे साधारण दोन ते अडीच तास, असा हिशेब धरला जातो. शेगडीवर एक ते दोन तास लागणाऱ्या रश्शाला ‘हाय’वर तीन ते चार तास आणि ‘लो’वर सहा ते आठ तास द्यावेत. ‘वॉर्म’ ही तिसरी खूण मात्र शिजवण्यासाठी मुळीच नाही. शिजून तयार झालेले अन्न वाढेपर्यंत गरम ठेवणे एवढेच तिचे काम आहे, आणि कच्चे अन्न तिच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे.

हा धोका नेमका कोणता, ते सविस्तर सांगते. अन्नातले रोगजंतू साधारण 4 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. प्रेशर कुकर हा पट्टा काही मिनिटांत ओलांडतो आणि 120 अंशांच्या आसपास जातो. स्लो कुकर तोच पट्टा सावकाश ओलांडतो, आणि तो किती सावकाश ओलांडेल हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. गोठलेले मांस तसेच आत टाकले, तर ते वितळेपर्यंत आजूबाजूचे सगळे अन्न कोमट अवस्थेत पडून राहते. म्हणून मांस आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्यावे, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये. शक्य असेल तेव्हा पहिला एक तास ‘हाय’ ठेवून मग ‘लो’वर आणावे. पाणी किंवा अन्य रस घालायचा असेल तर तो गरम घालावा. आदल्या रात्री चिरून ठेवलेल्या भाज्या आणि मांस फ्रीजमध्ये वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे. तयारीची वेळ वाचावी म्हणून सगळे साहित्य मातीच्या भांड्यातच भरून ते भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण गार झालेले जाड भांडे तापायलाच फार वेळ घेते आणि थंडगार भांडे एकदम गरम कवचात बसवले तर तडकूही शकते.

भांडे जुने असेल, दुसऱ्या कोणाकडून आलेले असेल किंवा त्याच्या तापण्याबद्दल शंका असेल, तर एक सोपी चाचणी घरीच करता येते. भांडे निम्मे ते दोन तृतीयांश पाण्याने भरावे, झाकण लावावे, ‘लो’वर आठ तास चालू ठेवावे आणि झाकण काढताक्षणी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाण्याचे तापमान मोजावे. ते 85 ते 93 अंशांच्या दरम्यान असेल तर भांडे ठीक आहे. त्याहून जास्त असेल तर पाककृतीतले तास कमी करावे लागतील. तापमान 85 अंशांच्या खाली राहत असेल तर त्या भांड्यात अन्न शिजवू नये. अशा वेळी काटकसरीचा विचार दूर ठेवलेला बरा. मोजताना मात्र चपळाई हवी, कारण झाकण उघडताच पाणी निवायला लागते आणि आकडा खोटा येतो.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहिले, त्या राजम्याकडे वळते. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते आणि ते पोटाला विषासारखे बाधते. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरेसे होऊ शकतात. खाल्ल्यानंतर साधारण एक ते तीन तासांत तीव्र मळमळ आणि उलट्या सुरू होतात, पाठोपाठ जुलाब लागतात. पांढऱ्या राजम्यातही हे प्रथिन असते, पण त्याचे प्रमाण लाल राजम्यापेक्षा बरेच कमी असते. खळखळून उकळल्यावर हे प्रथिन नष्ट होते. मात्र 80 अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ते नष्ट होण्याऐवजी त्याची विषारी शक्ती कच्च्या दाण्याच्या पाच पटींपर्यंत वाढू शकते. स्लो कुकरमधले अन्न कित्येक तास याच तापमानाच्या आसपास असते. दाणा मऊ पडलेला दिसतो, बोटाने चेपला जातो, चवीलाही शिजल्यासारखा लागतो, आणि तरीही बाधक असू शकतो. डोळ्यांना आणि जिभेला न कळणारा हा दोष असल्यामुळे अनुभवी माणसाचा अंदाजही इथे उपयोगाचा नाही.

उपाय सोपा आहे. राजमा किमान पाच तास भिजवावा, शक्य झाल्यास रात्रभर भिजवावा. भिजवलेले पाणी ओतून टाकावे. ताज्या पाण्यात शेगडीवर खळखळून उकळावा आणि त्यानंतरच स्लो कुकरमध्ये घालावा. दहा मिनिटांची पूर्ण उकळी पुरेशी ठरते, पण उष्णता प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचल्याची खात्री असावी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 30 मिनिटे उकळण्याची शिफारस केली आहे, आणि घरात मुले व वृद्ध असतील तर मीही तीच पाळावी असे सांगेन. प्रेशर कुकरमध्ये आधी शिजवून घेतलेला किंवा डबाबंद राजमा थेट वापरता येतो, कारण तो पुरेशा उष्णतेतून गेलेला असतो. ज्या पाककृतीत भिजवलेला राजमा सरळ स्लो कुकरमध्ये घालायला सांगितलेले असेल, ती कितीही सुंदर छायाचित्रासह छापलेली असली तरी बाजूला ठेवावी.

विशेष म्हणजे या उपकरणाचा जन्मच कडधान्याच्या ओढीने झाला. अमेरिकेतले संशोधक आयर्व्हिंग नॅक्सन यांनी 1936 मध्ये याच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि 1940 मध्ये ते त्यांना मिळाले. त्यांच्या आजोळी, लिथुआनियात, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मांस, कडधान्य आणि भाज्यांचे भांडे बेकरीच्या विझत चाललेल्या भट्टीत रात्रभर ठेवण्याची रीत होती. आईकडून ऐकलेल्या त्या हकिकतीतून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे 1970 मध्ये रायव्हल या कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडे बाजारात आणले. भट्टीची उरलेली धग वाया न घालवता तिच्यावर दुसऱ्या दिवसाचे जेवण शिजवणे, हे या भांड्याचे मूळ ध्यानात ठेवले की त्याच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे ठरवणे सोपे जाते.

मागावे ते चिवट मांस. प्राण्याच्या ज्या स्नायूंना खूप काम पडते, त्या खांद्याच्या आणि पायाच्या मांसात कोलॅजेन नावाचा तंतुमय भाग भरपूर असतो. घाईने शिजवले तर ते चामट लागते. 70 ते 80 अंशांच्या पुढच्या ओलसर उष्णतेत मात्र कित्येक तास राहिल्यावर हाच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतो. मग मांस चमच्याच्या नुसत्या दाबाने धाग्याधाग्यांनी सुटते आणि रश्शाला अंगचाच दाटपणा येतो. याउलट कोवळे, चरबी नसलेले मांस इतका वेळ ठेवले तर रस्सा असूनही कोरडे आणि भुसभुशीत होते. त्यामुळे महागडा कोवळा तुकडा या भांड्यासाठी आणणे म्हणजे पैसे आणि चव दोन्ही घालवणे. मासे, पास्ता आणि भात यांना इतका वेळ सोसत नाही. घालायचेच असतील तर शेवटी घालावेत.

भाज्यांच्या बाबतीत नवख्या माणसाला एक गोष्ट उलटी वाटेल. गाजर, बटाटा, सलगम अशी कंदमुळे या भांड्यात मांसापेक्षाही हळू शिजतात. म्हणून ती सारख्या आकारात चिरून तळाशी आणि बाजूंना, उष्णतेच्या जवळ ठेवावीत आणि मांस त्यांच्यावर रचावे. वाटाणे, पालेभाजी, कोवळ्या शेंगा हे सर्व शेवटच्या अर्ध्या तासात घालावे, नाहीतर त्यांचा रंग जातो आणि गाळ होतो. भांडे निम्म्यापेक्षा कमी भरू नये आणि दोन तृतीयांशांपेक्षा जास्तही भरू नये. कमी भरले तर पदार्थ अपेक्षेपेक्षा लवकर शिजून कडा करपतात, आणि काठोकाठ भरले तर मधला भाग वेळेत तापत नाही. चार माणसांच्या घराला साधारण साडेतीन ते पाच लिटरचे भांडे पुरते. अधूनमधून पाहुणे येतात म्हणून त्याहून फार मोठे घेतले, तर रोजचा स्वयंपाक त्यात तळाशीच राहतो.

पाण्याचा अंदाज ही पहिल्या काही दिवसांतली खरी अडचण असते. उघड्या पातेल्यात पाणी आटते, इथे ते जवळजवळ आटतच नाही, उलट भाज्या आणि मांस यांच्या अंगचे पाणी सुटून रस्सा वाढतो. शेगडीवरची पाककृती या भांड्यात करायची असेल तर पाणी एक तृतीयांश ते निम्मे कमी करावे. तरीही रस्सा पातळ वाटला तर शेवटी झाकण काढून ‘हाय’वर ठेवावा, किंवा थोडा रस वेगळ्या पातेल्यात काढून शेगडीवर आटवावा, किंवा थंड पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लॉवर घालून थोडा वेळ शिजू द्यावे. सुगंधही या दीर्घ प्रवासात क्षीण होतो. कुटलेले मसाले आणि ताजी पाने सुरुवातीला घातली तर वाढेपर्यंत त्यांचा वास उरत नाही, आणि अख्खे मसाले मात्र हळूहळू उतरून कधीकधी उग्र होतात. मीठ, आंबट आणि तिखट यांची शेवटची जुळणी वाढण्याआधी चाखूनच करावी. दूध, साय आणि दही सुरुवातीपासून घातले तर फाटतात, म्हणून त्यांचीही जागा शेवटच्या अर्ध्या तासात. टोमॅटो, लिंबाचा रस, व्हिनेगर यांसारखे आंबट पदार्थ कडधान्य मऊ पडल्यावरच घालावेत, कारण आंबटपणामुळे दाण्याची साल निबर राहते आणि तो तासन्‌तास बोटचेपा होत नाही.

परतण्याचा कंटाळा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे भांडे म्हणजे कष्ट वाचवण्याचे साधन, मग पुन्हा कढई कशाला, असे विचारले जाते. उत्तर उष्णतेतच आहे. कांदा किंवा मांस खरपूस होऊन येणारा तपकिरी रंग आणि त्यासोबतची खमंग चव साधारण 140 अंशांच्या वरच नीट तयार होते, आणि या भांड्यात पाण्यात शिजणारा पदार्थ 100 अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. स्लो कुकरने ही चव दहा तासांतही येणार नाही. कढईत ती दहा मिनिटांत येते. कांदा आणि मांस आधी परतून, कढईला चिकटलेला तपकिरी थर थोड्या पाण्याने सोडवून तोही रश्शात घातला, तर ‘स्लो कुकरचे जेवण अळणी लागते’ ही तक्रार बहुतांशी संपते.

पहिला प्रयोग घरी असताना करावा, कामावर निघण्याच्या घाईत करू नये. भांडे ओट्यावर, भिंतीपासून थोडे सुटे ठेवावे, कारण त्याचे कवच तापते, आणि आतले मातीचे भांडे कधीही शेगडीच्या आचेवर ठेवू नये. ज्या भांड्यांना उशिरा सुरू होण्याची सोय असते, त्यांत कच्चे अन्न भरून कित्येक तासांनी ते चालू होईल असे लावून ठेवू नये; तो सगळा वेळ अन्न खोलीच्या तापमानाला पडून असते. आपण बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर अन्न शिजल्यासारखे दिसले तरी टाकून द्यावे. घरात असताना वीज गेली तर लगेच गॅसवर शिजवणे पूर्ण करावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते स्लो कुकरमध्ये गरम करू नये. शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये 74 अंशांपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे आणि हवे तर नंतर स्लो कुकरमध्ये गरम ठेवावे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीसाठी माझी विनंती मोजकीच आहे. स्लो कुकरची पाककृती छापताना ती किती लिटरच्या भांड्यासाठी आहे, पदार्थ भांड्यात कुठपर्यंत यावा, कोणत्या खुणेवर किती तास लागतात आणि कोणते साहित्य शेवटी घालायचे, एवढी माहिती तिच्यासोबत द्यावी. ‘आठ तास’ एवढेच लिहून ‘लो’ की ‘हाय’ हे न सांगितलेली पाककृती अपुरी समजून ती पाठवणाऱ्याकडे परत विचारणा करावी. आणि राजमा असलेल्या कोणत्याही पाककृतीत भिजवण्याची, पाणी टाकून देण्याची आणि खळखळून उकळण्याची सूचना तळटिपेत न देता कृतीच्या पहिल्याच ओळीत द्यावी. घाईत असलेला वाचक तळटीप वाचत नाही, पहिली ओळ मात्र वाचतोच.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक